पहिला पर्याय वाघोली

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. हडपसरला गाडीतळाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन आणि सगळे ऑनलाइन फॉर्म. एरवी पॅनकार्डवाले, पासपोर्टवाले येतात, पण मे ते ऑगस्ट फक्त ॲडमिशनवाले. पोरं पुढे, आईबाप मागे, हातात प्लास्टिकची फाइल आणि चेहरे असे की आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

या सगळ्यांना मी पहिल्या मिनिटाला एकच वाक्य ऐकवते. "तुम्ही सांगाल ते मी भरीन. काय भरायचं ते मी सांगणार नाही." काहीजण हसतात. काहीजण म्हणतात, "असं काय नाजिमाताई, तुमचा एवढा अनुभव!" अनुभव आहे म्हणूनच सांगत नाही. चार वर्षांपूर्वी मांजरीच्या साईनाथ नावाच्या मुलाला मी आपणहून सांगितलं होतं, हे कॉलेज वर घे, ते खाली घे. त्याने घेतलं. आणि त्या वर्षी खालच्या कॉलेजचा कट-ऑफ धाडकन उतरला. त्याला ते मिळालं असतं. त्याचा बाप दुकानासमोर उभा राहून अर्धा तास ओरडत होता, तुमच्या अकलेने माझ्या पोराचं वाटोळं झालं म्हणून. अख्खी गल्ली ऐकत होती. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात. मी तर ताकाचं भांडंच फोडून टाकलं. त्या दिवसापासून सल्ला बंद.

आम्रपालीलाही मी हेच ऐकवलं होतं.

गेल्या जुलैत ती पहिल्यांदा आली. रामटेकडीची, सडपातळ, घट्ट वेणी, पाठीवर सॅक. एकटीच. मी म्हटलं, जातीचा दाखला? तिने काढून ठेवला. व्हॅलिडिटी? ठेवली. बारावीचं मार्कशीट, सीईटीचा स्कोअर, डोमिसाइल, सगळं नंबर घालून लावलेलं. फोटो आणि सही हव्या त्या मापात कमी करून पेनड्राइव्हमध्ये आणलेली.

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" मी विचारलं.

"आमच्या घरी प्रिंटर नाही," ती म्हणाली.

मला पोरगी तिथेच आवडली. सीईटीला पंच्याण्णव पूर्णांक तीन पर्सेंटाइल. सिव्हिल इंजिनिअरिंग हवं होतं, आणि तेही शिवाजीनगरच्या जुन्या सरकारी कॉलेजात. का, तर म्हणे शहरातले निम्मे बसस्टॉप चुकीच्या जागी आहेत. मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? तिने सॅकमधून एक जाडजूड वही काढली. तिचे आजोबा भीमराव पीएमटीत कंडक्टर होते. लहानपणापासून त्यांच्याबरोबर फिरून हिला बसचं वेडच लागलेलं. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही बसमध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, आणि परत यायचं. कुठली गाडी किती उशिरा आली, कुठल्या स्टॉपवर म्हातारी माणसं रस्ता ओलांडताना अडकतात, कुठे शेड आहे आणि बस पन्नास पावलं पुढेच थांबते, सगळं वहीत. अठरा वर्षांच्या पोरी काय काय छंद करतात, आणि ही बया बसच्या वेळा लिहीत होती!

दोन दिवसांनी कच्ची मेरिट लिस्ट लागायची होती, आणि नेहमीप्रमाणे सर्व्हर झोपला. दुकानात तीन स्टुलं आहेत. एकावर आम्रपाली. दुसऱ्यावर सय्यदनगरचा फैझल, ज्याला एक्क्याऐंशी पर्सेंटाइल होते आणि कुठलंही इंजिनिअरिंग चालणार होतं. "आपा, मेकॅनिकल मिळालं तर मेकॅनिकल, नाही तर जे उरेल ते," असा त्याचा हिशोब. तिसऱ्या स्टुलावर मगरपट्ट्यातली शेफाली. घरी दोन लॅपटॉप, आईबाप दोघं आयटीत, पण बाईसाहेबांना फोटो पन्नास केबीत बसवता येईना म्हणून आलेल्या. शहाण्णव पूर्णांक एक. नखं कुरतडत बसलेली.

तिघं तासभर एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. तिघांच्या अंगठ्याखाली मोबाइल, आणि मोबाइलवर गोल फिरणारी चकती. मग बाहेरच्या रस्त्यावर एक बस कचकन थांबली, आणि आम्रपाली मान वर न करता पुटपुटली, "आली. अकरा मिनिटं लेट."

फैझल म्हणाला, "न बघता कसं कळलं?"

"ब्रेकचा आवाज. ती एकच गाडी असा आवाज करते."

फैझल एकदम सरसावून बसला. "मीपण कबूतर न बघता ओळखतो! पंखांच्या आवाजावरून." त्याच्या मामाच्या गच्चीवर कबुतरांची जाळी होती. चाळीस कबुतरं, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा स्वभाव. शेफाली म्हणाली, "काहीही!" मग त्याने शिट्टी वाजवून दाखवली, कबुतरांना खाली बोलवायची, आणि शेजारच्या पानवाल्याने डोकं बाहेर काढून शिवी दिली. तिघं हसली. तिघांचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले मी पाहिले.

शेफालीचं काय, तर अक्षरं. तिच्याकडे नाना तऱ्हेची पेनं होती. माझ्या वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीमागे तिने तिघांची नावं काढून दाखवली, आणि खरं सांगते, छापील अक्षरांनी मान खाली घालावी असं काम होतं. आम्रपालीने वही पुढे केली. "याचा नकाशा काढशील?"

झालं. त्या दिवसापासून तिघं रोज हजर. कामं होती तरी येत, नव्हती तरी येत. "हे काय वाचनालय आहे का?" असं मी रोज ओरडायचे आणि रोज स्टुलं पुसून ठेवायचे. शेफालीने मोठ्या कागदावर हडपसरच्या सगळ्या बस काढायला घेतल्या, एकेक मार्ग एकेका रंगात. आम्रपाली स्टॉप सांगायची, ही लिहायची. फैझल मध्येच म्हणायचा, "इथून माझं कबूतर सरळ जाईल, तुमची बस बघा कशी वळसे घेते!" मधूनच कुणाचा तरी मोबाइल वाजायचा, तिघंही दचकायची. मेसेज कुठल्या तरी सेलचा असायचा.

दोघी मुलींना एकच कॉलेज हवं होतं, हे त्यांच्या लक्षात यायला आठवडा गेला. शेफालीचे बाबा तिथेच शिकलेले. लहानपणापासून घरात तेच एक नाव. पण ओपनचा गेल्या वर्षीचा कट-ऑफ सत्त्याण्णवच्या वर होता, म्हणजे ती काठावरसुद्धा नव्हती. आम्रपालीच्या कॅटेगरीत सिव्हिल चौऱ्याण्णवला थांबलेलं. म्हणजे हिचं जमत होतं. मला हे आकडे तोंडपाठ असतात. मी काही बोलले नाही. शेफाली त्या दिवशी नुसती पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

रविवारी त्यांनी एक खूळ काढलं. कबूतर जिंकतं की बस, याचा निकाल लावायचा. फैझलने बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात एक कबूतर घातलं, तिघं कात्रजला गेली, डेअरीपाशी कबूतर सोडलं आणि लगेच हडपसरची बस पकडली. दुपारी दुकानात परत आली ती भांडतच. कबूतर वीस मिनिटांत सय्यदनगरला पोचलं होतं, पण शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं ते उतरेचना. आणि कबूतरवाल्यांचा नियम असा की पाखरू जाळीत शिरलं तरच पोचलं. ते जाळीत शिरलं सव्वा तासाने. बस आली एक तास दहा मिनिटांनी. शेफाली म्हणत होती बस जिंकली, फैझल छातीवर हात मारून सांगत होता की टाकी धरायची नाही तर काय धरायचं. मी पण हसले. आम्रपाली मात्र गप्प होती. स्वतःची बस जिंकली आणि ही गप्प! मला वाटलं, उन्हाने दमली असेल.

सोमवारी ऑप्शन फॉर्म सुरू झाले. कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायची. बुधवारी संध्याकाळी पाचला खिडकी बंद. यात एक मेख आहे, आणि दरवर्षी शेकडो पोरं तिच्यावर आपटतात. पहिल्या फेरीत तुम्हाला तुमचा पहिला पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर फक्त तेच लिहायचं, ज्याच्यासाठी जीव तुटतो.

आम्रपाली अकरा वाजता आली. एकटी.

"पहिला पर्याय?" मी कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं.

"वाघोली," ती म्हणाली, आणि एका खासगी कॉलेजचं नाव सांगितलं. "सिव्हिल."

माझी बोटं थांबली. वाघोलीचं ते कॉलेज वाईट नाही. पण नव्वदला मिळणारं. हिला ते डोळे झाकून मिळणार होतं, पहिल्याच फेरीत, आणि मग खेळ खलास.

"दुसरा?"

"शिवाजीनगर."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी दोनदा वाचून दाखवलं. "एक, वाघोली. दोन, शिवाजीनगर. बरोबर?" "बरोबर." प्रिंट काढली, तिने सही केली. मी इतकंच म्हटलं, "बुधवारी पाचपर्यंत बदलता येतं. तुझ्या मोबाइलवर ओटीपी येतो." एवढं सांगणं नियमात बसतं. ते मी सगळ्यांनाच सांगते.

ती गेल्यावर माझं डोकं भणभणायला लागलं. फैझलचाही पहिला पर्याय वाघोलीच होता, मिळालं तर मिळालं म्हणून टाकलेला. म्हणजे हे असं आहे तर! कबुतरं काय, बस काय, नकाशा काय. पंधरा दिवसांच्या गट्टीसाठी ही बया आयुष्यावर पाणी सोडतेय. माझा नवरा मन्सूर रिक्षा चालवतो, दुपारी डबा घेऊन येतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग सांग ना तिला. तोंडाला कुणी टाका घातलाय?" मी म्हटलं, साईनाथचा बाप आला होता तेव्हा तू कुठे होतास? तो डबा उघडून जेवायला बसला.

मंगळवारी दुपारी आम्रपालीचे आजोबा आले. भीमराव. पंच्याहत्तरीचे, पांढरा शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. दुकानात गर्दी होती तर बाजूला उभे राहिले, स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

"ताई, आमच्या आम्रपालीचा फॉर्म नीट गेला ना?"

"गेला."

"शिवाजीनगरच आहे ना पहिलं?"

आता इथे खोटं बोलायचं की खरं? मी दोन्ही टाळलं. "तुम्ही तिलाच विचारा ना, काका. फॉर्म तिचा आहे."

"विचारलं. ती म्हणते, सगळं नीट आहे."

"मग नीटच असेल," मी म्हणाले, आणि झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उगाच उघडलं.

त्यांना बोलायचं होतं. म्हणाले, "त्या कॉलेजच्या स्टॉपवर मी बावीस वर्षं घंटा मारली, ताई. पोरं चढायची, उतरायची. हातात मोठमोठ्या पट्ट्या, गुंडाळलेले कागद. मी तिकीट दिलं, सुटे दिले, पण कधी आत गेलो नाही. काम नसताना आत कशाला जायचं? आमचा मुलगा असता तर गेलो असतो. तो तिच्या लहानपणीच गेला." मग एकदम हसले. "आता ॲडमिशनच्या दिवशी जाणार आहे. हिराने, म्हणजे माझ्या सुनेने, कंपनीत रजा टाकून ठेवलीय. आम्ही तिघं जाणार."

मी "बरं बरं" केलं. अजून काय करणार होते! ते गेल्यावर एका बाईच्या आधारकार्डाच्या दहाऐवजी शंभर झेरॉक्स काढल्या मी.

बुधवार उजाडला. सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी दोनच्या सुमारास फैझल आला, आपला फॉर्म पुन्हा तपासायला. मी त्याला कोपऱ्यात ओढलं आणि फैलावर घेतलं. "काय रे, काय चाललंय तुमचं? तुझ्यासाठी त्या पोरीने वाघोली वर टाकलंय!"

तो बघतच राहिला. "माझ्यासाठी? आपा, ती रविवारपासून माझे फोन उचलत नाहीये."

"मग?"

त्याने मान खाली घातली. मग हळूहळू सगळं सांगितलं. रविवारी कात्रजहून येताना बस कोंढव्याच्या चढावर अडकली होती. कट-ऑफचा विषय निघाला. शेफाली म्हणाली, माझं काही खरं नाही, बाबा बोलणंच टाकतील. आम्रपालीने तिची समजूत घातली, म्हणाली, माझीही धाकधूक होतेय. तर शेफाली हसून म्हणाली, "तुला कसली धाकधूक? तुमच्या सीट ठेवलेल्याच असतात. तुझं नाव लिस्टमध्ये बघायचीसुद्धा गरज नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. शेफालीने बॅगेतून चिक्की काढून दोघांना दिली. आम्रपालीने हातात धरली, खाल्ली नाही. आपा, शेफालीला कळलंच नाही ती काय बोलली ते. तिला आत्तापण माहीत नाही."

मी कॉम्प्युटरकडे आले आणि वाघोलीची गेल्या वर्षीची यादी उघडली. सिव्हिल, ओपन, नव्वद. आम्रपालीला ती जागा ओपनमधून मिळणार होती. तिच्या नावासमोर कॅटेगरी येणारच नव्हती. एवढ्यासाठी! एका बावळट पोरीच्या एका वाक्यासाठी!

मला राग आला, आणि खरं सांगते, तो शेफालीपेक्षा आम्रपालीचा जास्त आला. आपण काय ऐकलेलं नाही? हा गाळा भाड्याने घेताना माझं नाव ऐकून तीन मालकांनी "आत्ताच दुसऱ्याला दिला हो" म्हटलं होतं. म्हणून मी काय धंदा केला नाही? चौथा मालक शोधला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मलाही माहीत आहे. पण आपल्या घराला आपणच काडी लावायची?

चारला दहा कमी असताना मी नियम मोडला आणि तिला फोन केला. "दुकानात ये. लगेच." कारण सांगितलं नाही. ती सव्वाचारला आली. तोपर्यंत मी गर्दी कटवली होती. "सर्व्हर डाऊन," असं सांगून चार जणांना घालवलं.

"बस," मी म्हणाले. ती बसली. मी तिचा फॉर्म स्क्रीनवर उघडून ठेवला होता.

"फैझलने सांगितलं मला."

तिचा चेहरा हलला नाही. "बरं."

"यासाठी केलंस?"

तिने सॅक मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "ताई, मी पहिलीपासून वर्गात पहिल्या पाचात आहे. आणि पहिलीपासून प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, तुझं बरंय. बाई म्हणतात, शेजारी म्हणतात. मी लक्ष दिलं नाही. पण शेफालीला मी वही दिली होती. माझी वही मी आईलाही नीट दाखवलेली नाही." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "मला एकदा, फक्त एकदा, त्या यादीत नावापुढे ओपन बघायचंय. मग ते कुठलंही कॉलेज असो."

"अगं, पण ती मूर्ख पोरगी, तिला बोलताना..."

"ताई," ती म्हणाली, अगदी हळू, "तुम्ही सल्ला देत नाही ना?"

टोमणा नव्हता तो. आता आठवलं की मला वाटतं, ती खरंच विचारत होती. तिला हो किंवा नाही, काहीतरी ऐकायचं होतं. पण त्या क्षणी माझं टाळकं सटकलं. मी गिऱ्हाईक हाकलून दिलेलं, चार वर्षांचा नियम मोडून हिला फोन केलेला, आणि ही मलाच माझा नियम ऐकवते! चांगलं करायला जावं आणि हात दाखवून अवलक्षण!

"नाही देत," मी म्हणाले. "तुझा फॉर्म, तुझं नशीब."

तिने मान डोलावली. पण उठली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार बावीस झाले होते. ती त्या स्टुलावर बसून राहिली, मोबाइल हातात, स्क्रीन वर. ज्या मोबाइलवर ओटीपी येणार होता तोच. मी उगाच कागदांची चवड सरळ केली, उलटी केली. दोन गिऱ्हाईकं आली, त्यांना नंतर या म्हटलं. स्क्रीनवर फॉर्म उघडाच होता आणि 'बदल करा' असं बटण निळं चमकत होतं. तिला ते दिसत होतं. मलाही दिसत होतं. मी वीस वेळा तोंड उघडलं असेल. काय म्हणायचं होतं मला? तुझ्या आजोबांनी त्या स्टॉपवर बावीस वर्षं घंटा मारलीय, असं म्हणायचं होतं. ती जागा तुला कुणी वाढलेली नाही, तुझ्याच आज्यापणज्यांकडून हिसकावलेली परत मिळतेय, असं म्हणायचं होतं. हे सगळं माझ्या घशाशी आलेलं होतं. पण मी म्हटलं, आधी ती बोलू दे. एकदा म्हणू दे, ताई, काय करू? मग मी सांगते.

ती म्हणाली नाही. मी सांगितलं नाही. आम्ही दोघी अर्ध्या तासाहून जास्त अशा बसलो, समोरासमोर. पाच वाजले आणि बटण करडं झालं. तिने मोबाइल सॅकमध्ये टाकला, "येते ताई" म्हणाली आणि गेली.

शनिवारी यादी लागली. तिघंही दुकानात आली होती, पण स्टुलं लांब लांब ओढून बसली. शेफालीला शिवाजीनगर मिळालं नाही, कोथरूडचं चौथ्या नंबरचं कॉलेज मिळालं. ती पुढच्या फेरीत जाणार होती. फैझलला वाघोली नाही, तळेगावच्या बाजूचं काहीतरी मिळालं, तरी तो खुश होता. आम्रपालीला वाघोली. सिव्हिल. मी प्रिंट काढून दिली. त्या कागदावर 'ओपन' हा शब्द शोधायला तिला वेळ लागला. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होता. तिने तो वाचला, परत वाचला आणि कागदाची घडी घातली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

शेफाली डोकावून म्हणाली, "अगं, तू शिवाजीनगर का नाही टाकलंस? तुला नक्की मिळालं असतं!"

"नाही टाकलं," आम्रपाली म्हणाली.

"वेडी आहेस का?" शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरंच वाईट वाटत होतं. फैझल दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी शेफालीला म्हटलं, घरी जा बाळा. एवढंच म्हटलं. तिलाही काही सांगितलं नाही.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला भीमराव आले. तोच पांढरा शर्ट. हातात ती घडी घातलेली प्रिंट. दुकान रिकामं होतं. या वेळी मी म्हणायच्या आधीच ते स्टुलावर बसले.

"ताई, हे बदलता येतं का?"

"नाही काका. पहिला पर्याय मिळाला की संपलं. सोडलं तर पुढे काहीच नाही."

"हं." त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. "सगळं सांगितलं तिने मला. ती मैत्रीण काय बोलली, तेही. दुपारभर रडली. म्हणते, बुधवारी पाच वाजायला पाच मिनिटं असताना मला बदलायचं होतं, आजोबा, पण कसं म्हणू ते कळेना."

मी काउंटरला धरून उभी राहिले.

"तुम्ही होता ना तेव्हा?"

"होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले, आणि मग, अल्ला माफ करो, मी ते वाक्य बोलले. "पण काका, फॉर्म तिचा होता. मी कुणाला सल्ला देत नाही. आधीच सांगते सगळ्यांना."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. साईनाथच्या बापासारखे ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते तिकीट तपासल्यासारखे माझ्याकडे नीट बघत राहिले.

"तिचं वय अठरा आहे, ताई," ते म्हणाले. "तुमचं किती?"

ते उत्तरासाठी थांबले होते. मी त्रेचाळीस वर्षं पूर्ण केलीत, पण मला तो आकडा त्यांच्यासमोर उच्चारता आला नाही.